उपमेने पोट भरत नाही

(जिल्हा मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात कापसाच्या भावावर बोलणे झाले, कर्जावर झाले, विजेवर व्हायचे आहे. या सगळ्यांच्या मध्ये मला विषय दिला आहे 'उपमा'. कार्यक्रमपत्रिका वाचून काही जणांनी विचारले, जेवणाआधी नाश्ताही आहे काय? तो उपमा वेगळा. ही उपमा म्हणजे एका गोष्टीला दुसरीसारखी म्हणणे. कीर्तनकार त्याला दृष्टांत म्हणतात, गावात दाखला म्हणतात. शाळेतल्या मास्तरांकडे उपमा, रूपक, दृष्टांत अशी वेगवेगळी नावे आणि वेगवेगळे गुण असतात. आपल्या कामापुरते एवढेच धरू, की कोणी 'हे त्याच्यासारखे आहे' असे म्हणाले की तिथे उपमा आली.

शेतकऱ्यांच्या मेळाव्यात हे कशाला? सांगतो. आकडा समोर आला की शेतकरी सावध होतो. काटा बघतो, कडता किती धरला ते विचारतो, चुकारा कधी मिळणार ते विचारतो. उपमा समोर आली की मात्र आपण मान डोलावतो, टाळ्या वाजवतो. 'पांढरे सोने', 'अन्नदाता', 'मायबाप सरकार', 'शेती म्हणजे पावसावरचा जुगार', हे शब्द पुढारी वापरतात, वर्तमानपत्रे वापरतात आणि आपण स्वतःही वापरतो. त्यांचा काटा आजवर कोणी तपासलेला नाही. तो आज तपासायचा आहे.

उपमेशिवाय कोणाचेच भागत नाही

आधी एक स्पष्ट करतो. उपमा वाईट असे मला म्हणायचे नाही. माणूस नवी गोष्ट शिकतो ती जुन्या गोष्टीच्या आधाराने. आपल्या मराठी भाषेची तर सुरुवातच या कामाने झाली आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इसवी सन १२९० ची. गीतेचे सातशे श्लोक आणि ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार. ही वाढ कशाने झाली? मोठ्या प्रमाणात दृष्टांतांनी. संस्कृत न कळणाऱ्या माणसाला अवघड गोष्ट सांगायची तर त्याच्या घरातले, रानातले, पाण्यातले काहीतरी हातात घ्यावे लागते.

आपल्या अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर तुम्हाला माहीत आहे. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. महानुभावांचे ते मोठे स्थान. चक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टांत केसोबासांनी तेराव्या शतकात 'दृष्टांतपाठ' म्हणून एकत्र केले. त्या पोथीची मांडणी बघण्यासारखी आहे. आधी सूत्र, म्हणजे सांगायचा मुद्दा. मग दृष्टांत, म्हणजे गोष्ट. आणि शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे ही गोष्ट त्या मुद्द्याला कुठे आणि कशी लागू होते त्याचा खुलासा. गोष्ट सांगून मोकळे व्हायचे नाही, तिचा हिशेब द्यायचा. आजचे पुढारी गोष्ट सांगतात आणि हिशेब न देता गाडीत बसून निघून जातात. सातशे वर्षांपूर्वीची शिस्त त्यांना पाळता येत नाही.

खानदेशातल्या कापसाच्या मुलखातल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांनी संसाराची तुलना चुलीवरच्या तव्याशी केली आणि ती महाराष्ट्रभर पोचली. त्या तुलनेने कोणाचा कापूस स्वस्तात नेला नाही. ऐकणाऱ्या बाईला आपलेच जगणे थोडे अधिक स्पष्ट दिसले, एवढेच. कवितेतली उपमा दाखवण्यासाठी असते. सभेतली आणि सरकारी कागदातली उपमा काहीतरी मागण्यासाठी असते. आपली सही मागते, आपले मत मागते, कधी आपला माल मागते. जी उपमा काही मागत नाही तिचा आनंद घ्यावा. जी मागते तिची तपासणी करावी.

गवय आणि गाय

तपासणी कशी करायची? आपल्याकडच्या न्यायशास्त्रात ज्ञानाची चार साधने मानली आहेत. प्रत्यक्ष, म्हणजे डोळ्यांनी पाहिलेले. अनुमान, म्हणजे तर्काने काढलेले. उपमान, म्हणजे सारखेपणावरून कळलेले. आणि शब्द, म्हणजे भरवशाच्या माणसाने सांगितलेले. उपमानाचा ठरलेला दाखला गवयाचा आहे. शहरातल्या माणसाला गवय नावाचा रानटी प्राणी माहीत नाही. रानातला माणूस त्याला सांगतो, 'गवय गायीसारखा असतो.' पुढे हा माणूस रानात जातो, गायीसारखा प्राणी बघतो आणि ओळखतो, की यालाच गवय म्हणतात.

आता नीट बघा. या उपमेने त्याला किती मिळाले? फक्त ओळख. प्राण्याचे नाव कळले. 'गायीसारखा आहे' एवढ्यावर विसंबून तो चरवी घेऊन दूध काढायला गेला, तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको. उपमा ओळख करून देते. दूध देईल की नाही ते वेगळे तपासावे लागते. वैशेषिक आणि सांख्य या दर्शनांनी तर उपमान हे स्वतंत्र प्रमाण मानलेच नाही. आपल्या देशात या प्रश्नावर शेकडो वर्षे वाद झाले, आणि आज आपण 'पांढरे सोने' म्हटले की खुश होतो.

त्याच न्यायशास्त्रात आणखी एक प्रसिद्ध उदाहरण आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे, जसे स्वयंपाकघरात. पण नुसते 'स्वयंपाकघरासारखे' म्हणून भागत नाही. मध्ये नियम सांगावा लागतो, की जिथे धूर तिथे आग. हा नियम टिकला तर स्वयंपाकघराचा दाखला टिकतो. नियम नसेल तर स्वयंपाकघराचे नाव घेऊन डोंगरावर पोळ्यासुद्धा सिद्ध करता येतील.

यातून तीन प्रश्न निघतात. लिहून घ्या. पहिला, ही उपमा कुठे जुळते? दुसरा, कुठे तुटते? तिसरा, ज्या कामासाठी उपमा दिली ते काम जुळणाऱ्या भागावर उभे आहे की तुटणाऱ्या?

पेरणीच्या आधी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. तसेच हे आहे. लगेच मला कोणीतरी विचारायला हवे, 'हीसुद्धा उपमाच झाली, ती कुठे तुटते?' बरोबर आहे. बियाण्याची तपासणी आकड्यात येते, सत्तर दाणे उगवले की ऐंशी ते दिसते. उपमेची तपासणी आकड्यात येत नाही. पण वापरण्याआधी थोडे बाजूला काढून तपासायचे, हा भाग दोन्हीकडे आहे आणि माझे काम तेवढ्यावरच उभे आहे. आता आपल्या शब्दांकडे वळू.

पांढरे सोने

कापूस सोन्यासारखा. कुठे जुळतो? रोख पैशाचे पीक आहे, विकला की हातात नोटा येतात. एवढे खरे. तुटतो कुठे? सोने पेटीत दहा वर्षे ठेवले तरी गुंजभर कमी होत नाही. कापूस घरात ठेवला की वाळतो आणि वजनात घटतो. त्याला आगीची भीती. घरातल्या लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटते. सोन्याचा भाव रोज सकाळी कळतो आणि गावोगाव जवळपास सारखा असतो. कापसाचा भाव खेडा खरेदीत एक, बाजार समितीत दुसरा आणि जिनच्या दारात तिसरा. सोने असलेला माणूस कधी विकायचे ते स्वतः ठरवतो. कापूस असलेल्या माणसाचे ते दुकानदाराची उधारी आणि पोरीचे लग्न ठरवते.

आणि ही उपमा वापरली कशाला जाते? 'कापूसवाल्यांकडे सोने आहे, त्यांना काय कमी' असे म्हणायला. किंवा 'घाईने विकू नका, सोने आहे, थांबा' असा सल्ला द्यायला. थांबण्याची ताकद हा सोन्याचा गुण, आणि तोच कापसात नाही. उपमा नेमकी तुटते त्या जागी सगळा भार टाकला आहे. गोदाम असेल, मालावर कमी व्याजाने तारण कर्ज मिळत असेल, तर कापूस थोडा सोन्यासारखा होईल. तेव्हा पुढच्या वेळी पुढारी 'पांढरे सोने' म्हणाला की त्याला विचारा, 'साहेब, तिजोरी कुठे आहे?'

पावसावरचा जुगार

'भारतीय शेती हा पावसावरचा जुगार आहे' हे वाक्य इंग्रजांच्या काळापासून चालत आले आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला ते लगेच पटते, कारण मृगाच्या पावसावर पेरले आणि पुढे खंड पडला तर काय होते ते त्याने सोसलेले आहे. दुबार पेरणीचा खर्च त्यानेच केला आहे. अनिश्चितता दोन्हीकडे आहे, इथपर्यंत उपमा जुळते.

आता तुटते ती जागा बघा. जुगारात फासा मनासारखा पडला तर माणूस जिंकतो. शेतीत पाऊस मनासारखा झाला, बोंडे भरली, कणसे भरली, सगळ्यांचेच पीक आले, की भाव पडतो. फासा चांगला पडला तरी हरायचे, असा जुगार पृथ्वीवर कुठे खेळतात? याचा अर्थ, फाशाच्या पलीकडे आणखी कोणीतरी बसलेला आहे. दुष्काळात पिकले नाही म्हणून मरायचे आणि सुकाळात पिकले म्हणून मरायचे. यातले पहिले मरण आभाळाकडून येते. दुसरे बाजारातून आणि धोरणातून येते.

'जुगार' म्हटले की दोन्ही मरणे आभाळाच्या खात्यावर जातात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कापसावरचा ११ टक्के आयात कर उठवला. आधी सप्टेंबर अखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबर अखेरपर्यंत. म्हणजे आपला कापूस वेचून बाजारात येण्याचे नेमके महिने. हा निर्णय कोणत्या ढगातून पडला? कागदावर झाला, सहीने झाला. गिरण्यांची बाजू काय आणि आपली काय, यावर वाद घालता येईल. पण वाद घालायचा तर आधी हे कबूल झाले पाहिजे, की हा फासा नव्हता. फाशाशी कोणाला वाद घालता येत नाही.

दाता आणि मायबाप

शेतकऱ्याला 'अन्नदाता' म्हणतात. ऐकायला किती गोड. कापूसवाल्याला मात्र 'वस्त्रदाता' म्हणताना मी कोणाला ऐकले नाही. पण 'दाता' शब्दाचा अर्थ बघा. दाता देतो. दान देणारा भाव विचारत नाही, पावती मागत नाही, खर्च भरून निघाला का ते बघत नाही. दान देऊन वर पैसे मागितले तर लोक त्याला हलका समजतात. शेतकऱ्याला एकदा दात्याच्या पाटावर बसवले की त्याने भावाचा प्रश्न काढणे हे आपोआप अशोभनीय ठरते. किराणा दुकानदाराला कोणी 'साखरदाता' म्हणत नाही, कारण त्याला पैसे द्यायचे असतात.

दुसरीकडे सरकार 'मायबाप'. लेकराच्या आजारपणात मायबाप धावतात, तसे सरकारने दुष्काळात धावावे, इथपर्यंत ठीक. पण या राज्यात १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. सुरुवातीच्या वर्षांत अनेकांना तिचा आधारही वाटला, हेही सांगितले पाहिजे. पण त्याच योजनेत सीमेवरच्या शेतकऱ्याने जास्त भाव मिळतो म्हणून आपला कापूस शेजारच्या राज्यात नेला, तर तो गुन्हा. माल स्वतःचा, गाडी स्वतःची, आणि रात्री लपत जायचे. घरचा माल दोन पैसे जास्त घेऊन विकला म्हणून लेकराला चोर ठरवणारा बाप कोणी पाहिला आहे काय?

'कर्जमाफी' या शब्दातही एक उपमा लपलेली आहे. माफी गुन्ह्याला असते. कर्जमाफी म्हटले की शेतकरी गुन्हेगार, सरकार उदार न्यायाधीश आणि गावाबाहेर राहणारा पगारदार माणूस फुकट दंड भरणारा असे चित्र उभे राहते. म्हणून चळवळीने 'कर्जमुक्ती' या शब्दाचा आग्रह धरला. पुढे २०१९ मध्ये राज्य सरकारने आपल्या योजनेच्या नावातच 'कर्जमुक्ती' शब्द घातला. शब्द बदलून कर्ज फिटत नाही, हे खरे. पण गुन्हेगार म्हणून मागणे आणि घेणेकरी म्हणून मागणे यात आवाजाचा फरक पडतो.

एकर म्हणजे एकर नव्हे

काही उपमा तोंडाने बोलल्या जात नाहीत, त्या नियमांत बसलेल्या असतात. २००८ ची केंद्राची कर्जमाफी आठवा. दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याचे थकलेले कर्ज पूर्ण माफ. त्यावर जमीन असेल तर २५ टक्के सूट, तीही उरलेले ७५ टक्के भरले तर. यादीतल्या दुष्काळी वगैरे जिल्ह्यांत २५ टक्के किंवा २० हजार रुपये यांपैकी जास्त असेल ती सूट.

या नियमाच्या पोटात एक न बोललेली उपमा होती, की दोन हेक्टर सगळीकडे सारखेच. कालव्याच्या पाण्याखालचे पाच एकर आणि मुरमाड माळावरचे पाच एकर एका मापात. कागदावर क्षेत्रफळ जुळते. उत्पन्न तुटते, पाणी तुटते, जोखीम तुटते. आणि नियम उभा होता 'गरीब कोण' या प्रश्नावर, म्हणजे तुटणाऱ्या भागावर. सात-आठ एकर कोरडवाहू पऱ्हाटी आणि ज्वारी असलेला माणूस मोठा शेतकरी ठरला आणि यादीबाहेर राहिला. 'सगळे शेतकरी सारखे' हे वाक्य मोर्चात बळ देते. सरकारी निकषात तेच वाक्य कोरडवाहूचा गळा धरते. तेव्हा कोणत्याही योजनेचा निकष हातात आला की बघा, कशाला कशासारखे धरले आहे.

रोमच्या शेतकऱ्यांना सांगितलेली गोष्ट

आता एक जुनी गोष्ट सांगतो. ती आपल्या देशातली नाही, पण कर्जाची आहे.

इसवी सनापूर्वी ४९५ साली रोम शहराच्या चौकात एक म्हातारा सैनिक आला. अंगावर चिंध्या, पाठीवर वळ. लिव्ही नावाच्या इतिहासकाराने त्याची हकिगत लिहिली आहे. हा लढाईवर असताना शत्रूने त्याचे पीक नासले, घर जाळले, जनावरे नेली. वर सरकारचा कर आला. त्यासाठी कर्ज काढले, व्याज चढले, आधी बापजाद्यांची जमीन गेली, मग सावकाराने त्यालाच धरून नेले. तिथल्या कायद्याने सावकार कर्जदाराला बांधून ठेवू शकत होता. चौकात गर्दी जमली आणि लोक खवळले. पुढच्या वर्षी, ४९४ मध्ये, असे सामान्य लोक, जे शेतकरी होते आणि सैनिकही होते, शहर सोडून तीन मैलांवरच्या एका टेकडीवर जाऊन बसले. दगड मारला नाही, आग लावली नाही. नुसते निघून गेले.

श्रीमंतांच्या सभेने त्यांच्याकडे मेनेनियस अग्रिप्पा नावाचा गोड बोलणारा माणूस पाठवला. त्याने गोष्ट सांगितली. एकदा शरीराचे अवयव पोटावर रुसले. आम्ही राबायचे आणि पोटाने नुसते खायचे. हातांनी घास उचलायचा नाही असे ठरवले, तोंडाने घ्यायचा नाही, दातांनी चावायचा नाही. पोट उपाशी राहिले, पण सगळे शरीरच वाळून गेले. तेव्हा अवयवांना कळले, की पोट आळशी नाही, ते अन्नाचे रक्त करून सगळीकडे पाठवते. तात्पर्य, श्रीमंत म्हणजे पोट, तुम्ही हातपाय, रुसू नका.

ही दंतकथा किती खरी याबद्दल इतिहासकारांना शंका आहे. पण गोष्ट अडीच हजार वर्षे टिकली, कारण ती अजून कामाला येते. पुढे शेक्सपिअरने 'कोरिओलेनस' नाटकाच्या सुरुवातीलाच ती घेतली. तिथे धान्यासाठी दंगा करणाऱ्या लोकांना मेनेनियस ही गोष्ट सांगतो, आणि गर्दीतला एक नागरिक त्याला मधेच टोकतो. मला तो टोकणारा नागरिक आवडतो. आपण त्याच्या बाजूला उभे राहू आणि आपले तीन प्रश्न विचारू.

जुळते कुठे? समाजात कामाची वाटणी आहे, एकमेकांवाचून चालत नाही. मान्य. तुटते कुठे? एका शरीरात पोट रक्त पाठवायला विसरत नाही, आणि पाठवायचे की नाही हे ठरवायला बैठक घेत नाही. हाताला जखम झाली की ताप सगळ्या शरीराला येतो. विदर्भ-मराठवाड्यात शेतकऱ्यांनी विष घेतले तेव्हा शेअर बाजाराला ताप आल्याचे कोणी पाहिले काय? पोटाला आपले हात सोडून दुसऱ्या शरीराचे हात भाड्याने आणता येत नाहीत. देशाला परदेशातून कापूस आणता येतो, डाळ आणता येते. आणि रोममध्ये पोटाने हातांनाच साखळीने बांधले होते. असे शरीर कुठे असते?

तिसरा प्रश्न. गोष्ट कशासाठी सांगितली? परत या म्हणून. परत येणे 'पोट रक्त पाठवते' या भागावर उभे होते, आणि भांडण नेमके तेच होते, की रक्त येत नाही.

रोमचे ते लोक गोष्ट ऐकून परतले असे म्हणतात. पण लिव्हीच्याच लिहिण्यात पुढे आहे, की बोलणी झाली आणि सामान्य लोकांना आपले स्वतःचे अधिकारी, ट्रिब्यून, मिळाले. त्यांच्या अंगाला हात लावणे हा मोठा अपराध ठरला. लोक नुसत्या गोष्टीवर परतले नाहीत, हातात काही घेऊन परतले. तरीही कर्जासाठी माणूस बांधण्याची पद्धत कायद्याने बंद व्हायला इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकाची अखेर यावी लागली. जवळजवळ पावणेदोनशे वर्षे. गोष्टीने मोर्चा थांबला, कर्जाची साखळी थांबली नाही.

जोतिरावांची पद्धत

शरीराची उपमा आपल्यालाही नवी नाही. कोणी मुखातून आला, कोणी बाहूंतून, कोणी मांड्यांतून आणि राबणारा पायातून, हे आपल्याला हजारो वर्षे सांगितले गेले. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा या उपमेपुढे मान तुकवली नाही आणि नुसता राग करूनही सोडून दिले नाही. त्यांनी ती शब्दशः धरली आणि शेवटपर्यंत ओढत नेली. मुखातून जन्म झाला तर मुखात गर्भाशय होते काय? बाकीचे विधी कसे होत होते? उपमा ओढत नेली की जिथे तिचे शिवण कच्चे असते तिथे ती उसवते. ही पद्धत आपल्या घरची आहे, वापरायला लाज नको.

त्याच पुस्तकात त्यांनी स्वतःची उपमाही दिली. अमेरिकेतली गुलामी १८६५ साली कायद्याने संपली होती. तिथल्या ज्या लोकांनी त्यासाठी त्याग केला त्यांना जोतिरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली. शूद्रातिशूद्रांची स्थिती आणि तिथल्या गुलामांची स्थिती त्यांनी एका ओळीत मांडली. दोन्ही स्थिती हुबेहूब एक होत्या काय? नाही. पण त्यांचा मुद्दा होता, की माणसाने लादलेले बंधन माणसांना तोडता येते. हा मुद्दा उपमेच्या जुळणाऱ्या भागावर उभा होता, म्हणून ती दीडशे वर्षे टिकली.

आपल्या उपमांनाही तोच काटा

शेवटचा आणि कठीण भाग. दुसऱ्यांच्या उपमा तपासताना मजा येते. आपल्याही तपासल्या पाहिजेत, नाहीतर हा मेळावा नुसती करमणूक झाला.

शरद जोशींनी 'इंडिया आणि भारत' ही मांडणी दिली. २०१५ मध्ये ते गेले, शब्द राहिले. कुठे जुळतात? इंग्रज कच्चा माल स्वस्तात नेत आणि पक्का माल महागात विकत. इंग्रज गेले तरी शेतीमाल स्वस्त ठेवण्याची ती रीत चालूच राहिली, हे त्या शब्दांनी एका क्षणात दाखवले. पण या शब्दांचा नकाशा करून 'शहरातला प्रत्येक माणूस आपला शत्रू' असे म्हटले, तर उपमा तुटते. शहराच्या झोपडपट्टीत आपलाच जमीन गेलेला भाऊ राहतो, आणि आपल्या गावात बसून आपलाच भाव पाडणारेही आहेत. ही विभागणी भूगोलाची नाही, हे जोशी स्वतः सांगत आले. आपण ऐकताना तेवढा भाग गाळतो.

दुसरी आपली उपमा 'लूट', 'दरोडा'. दरोडा म्हटले की दरोडेखोराचा चेहरा लागतो. मग समोर दिसतो तो अडत्या, तो ग्रेडर, तो बँकेचा शाखाधिकारी. त्याच्याशी बाचाबाची होते, त्याचा काटा उलटतो, आणि आपल्याला वाटते आंदोलन झाले. काट्यात चोरी करणारा चोरच आहे, त्याला सोडू नका. पण भाव पाडणारा निर्णय कधी आयात कराच्या कागदावर होतो, कधी निर्यातबंदीच्या, कधी साठ्याच्या मर्यादेच्या. तिथे चोरापेक्षा कालव्याचा दाखला जास्त जुळतो. आपल्या पाटाला पाणी येत नाही, तर शेजाऱ्याची कॉलर धरण्याआधी वर जाऊन दार कोणी आणि कोणत्या हुकमाने पाडले ते बघावे लागते. आंदोलन कोणत्या दारावर न्यायचे ते आपण कोणती उपमा धरतो त्यावर ठरते, म्हणून हा विषय मला मोलाचा वाटतो. चुकीच्या उपमेवर निघालेला मोर्चा चुकीच्या दारावर पोचतो, लाठ्या मात्र खऱ्या बसतात.

आणि नावे बदलली म्हणून भुलू नका. ज्वारी-बाजरीला सरकार वर्षानुवर्षे 'भरड धान्य' म्हणत होते. २०१८ मध्ये 'पोषक धान्य' म्हणायला लागले, २०२३ च्या अर्थसंकल्पात 'श्री अन्न' झाले. नाव चांगले आहे, ज्वारीचा मान वाढला तर आनंदच आहे. पण खरेदी केंद्र वेळेवर उघडते काय, काळी पडलेली ज्वारी घेतात काय, हमीभावाने तोलतात काय, हे प्रश्न नाव बदलून मिटत नाहीत. 'श्री' लावल्याने काटा बदलत नाही.

आता काम. पुढच्या महिन्यात गावोगाव सभा होतील, पुढारी येतील, दाखले देतील. प्रत्येक गावातून दोन माणसे ठरवा. त्यात एक बाई असू द्या, कारण घरातल्या दाखल्यांची तपासणी त्यांना जास्त जमते. त्यांनी भाषणातल्या उपमा वहीत लिहून घ्यायच्या आणि सभा संपायच्या आत उभे राहून विचारायचे. 'साहेब, हे जुळते कुठे? तुटते कुठे? आणि तुम्ही मागता ते यातल्या कोणत्या भागावर उभे आहे?' नम्रपणे विचारा. उत्तर आले तर ते लिहून घ्या आणि तालुक्याच्या बैठकीत आणा. उत्तर आले नाही तर तेही लिहून घ्या.

आपली जुनी घोषणा आहे, 'भीक नको, हवे घामाचे दाम'. जाता जाता तिलाही हे तीन प्रश्न विचारू. भीक मागणारा काही देत नाही, आपण माल देतो, म्हणून आपण भिकारी नाही. दाम मागणाऱ्याने आपला खर्च मांडून दाखवावा लागतो. घामाचा हिशेब आपण मांडला तर ही घोषणा जुळते, न मांडता नुसती ओरडलो तर तुटते. म्हणून एकरी कापसाचा आणि ज्वारीचा खर्च लिहिण्याचे छापील तक्ते त्या टेबलावर ठेवले आहेत. जाताना प्रत्येकाने एक घेऊन जावा आणि पुढच्या बैठकीला भरून आणावा.